कु. झुळूक हिचं ताट

नाना अक्कासाठी मुलगा पाहायला धुळ्याला गेले आणि कुत्र्याचं पिल्लू घेऊन परत आले.

आई तेव्हा मागच्या अंगणात भरिताची वांगी भाजत होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याशिवाय दुसरं वांगं आमच्या घरात वांगं समजलं जात नसे, त्यामुळे गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली तरी अंगणातली तीन विटांची चूल हलली नव्हती. नाना चपला न काढता थेट अंगणात आले. त्यांच्या खांद्यावर कापडी पिशवी होती. आईने धुरातून डोळे पुसत पहिला प्रश्न विचारला, "मुलगा कसा आहे?"

"हिची आई पाहायला हवी होती तू," नाना म्हणाले.

"कोणाची?"

"हिची." त्यांनी पिशवी खाली ठेवली. पिशवीतून आधी एक लांब नाक आलं, मग दोन घाबरलेले डोळे, आणि मग इतकं बारीक अंग की आई म्हणाली, "अगं बाई, आजारी आहे का?"

पुढची काही वर्षं हा प्रश्न आम्हाला दूधवाला, पोस्टमन, गल्लीतली पोरं आणि रस्त्याने जाणारी अनोळखी माणसंही विचारत राहिली. ती आजारी नव्हती. ती मुळातच सडपातळ असणाऱ्या व्हिपेट जातीची होती. नाना त्याला 'विपेट' म्हणत आणि पुढे 'विलायती' हा शब्द जोडत. नाना केळी वाहतुकीच्या एका संघाच्या कचेरीत हिशेबनीस होते. रावेरहून केळी भरून ट्रक कुठे कुठे जातात ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून विलायतेबद्दलही आपल्याला थोडं कळतं असं त्यांना वाटे.

हळूहळू जेवताना सगळी हकीकत बाहेर आली. धुळ्याच्या त्या घरातले कर्ते पुरुष म्हणजे मुलाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत. देवपुरात त्यांचा बंगला होता, शेती होती आणि या बारीक कुत्र्यांचा शौक होता. नाना पोचल्यावर आबांनी त्यांना चहा दिला आणि एक अल्बम समोर ठेवला. नानांना वाटलं, मुलाचे फोटो असतील. अल्बममध्ये तीन पिढ्यांची कुत्री होती. मुलगा बँकेत होता एवढं नानांना सांगता आलं. कोणत्या बँकेत, ते विचारायचं राहून गेलं होतं. पिल्लाच्या पणजीचं नाव मात्र त्यांना पाठ होतं. निघताना आबांनी एक पिल्लू उचलून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, ज्या घराशी संबंध जुळवायचा त्या घरी मी आधी पिल्लू देतो. ते कसं वाढतं त्यावरून घर कळतं. केळीचा हंगाम आटोपला की मी, आमची मालकीण आणि मुलगा, आम्ही येऊन मुलगीही पाहू आणि पिल्लूही पाहू.

"आणि खायला काय घालायचं?" अक्काने विचारलं. अक्का माझी मोठी बहीण. तिचं बी.एस्सी. झालं होतं, घरी शिकवण्या घेत होती आणि घरातले व्यवहाराचे प्रश्न बहुतेक तीच विचारत असे.

"आबा म्हणाले, पोट भरून घालू नका. बरगड्या दिसल्या पाहिजेत म्हणे." नाना हसले. "मोठी माणसं असंच बोलतात."

इथे थोडं थांबून आमच्याकडच्या जेवणाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्याकडे पाहुणा जेवताना 'पुरे' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ 'वाढा' असा असतो. तो ताटावर हात आडवा धरतो, तेव्हा यजमानाने त्या हाताच्या फटीतून पोळी सरकवायची असते. पाहुणा 'खरंच नको' म्हणाला तर वरून तूप सोडायचं. एकदाच 'पुरे' म्हटल्यावर जो वाढायचा थांबला, त्याच्याबद्दल पाहुणे परतीच्या बसमध्ये बोलतात. म्हणून 'कमी घाला' ही आबांची सूचना आमच्या घराने त्याच भाषेत ऐकली. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. आणि दुसरी गोष्ट अशी की शेजारून आलेलं भांडंसुद्धा आमच्या घरातून कधी रिकामं परत गेलेलं नाही; त्यात चिवडा, लाडू, निदान मूठभर साखर तरी घालूनच द्यायची. इथे तर आलेलं पिल्लूच रिकामं होतं.

अक्काने तिचं नाव झुळूक ठेवलं. जळगावच्या उन्हाळ्यात कोणाला हाक मारायचीच असेल तर या नावाने मारावी, असं ती म्हणाली. पहिल्या आठवड्यात झुळूकने नानांच्या वर्तमानपत्राचा अग्रलेख ओला केला, गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांवरून, म्हणजे ज्वारीच्या पापडांवरून, पळत गेली आणि कूलरसमोरची नानांची जागा घेतली. ती भुंकत नसे. तिला थंडी मात्र भारी वाजायची. संक्रांतीच्या सुमाराला ती थरथरत अक्काच्या गोधडीत शिरायची आणि घडी घातलेल्या ओढणीएवढीच जागा घ्यायची. सकाळी गोधडी उघडली की आधी नाक दिसायचं. आता आमच्या सोसायटीत कुत्र्यांना स्वेटर असतात, वाढदिवसाला टोप्या असतात, आणि त्यांच्या जेवणाच्या पिशवीवर माणसांच्या औषधांपेक्षा बारीक अक्षरात माहिती छापलेली असते. झुळूकला गोधडी आणि अक्का, एवढंच होतं. तिला पुरत होतं असं वाटतं.

पण गल्लीला पुरेना. "नाना, कचेरीत पगार वेळेवर होतो ना?" असं समोरचे गुरुजी तिच्या बरगड्यांकडे पाहत विचारायचे. शेजारच्या कांताकाकी मारवाडी जैन, बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. त्या दारातून रोज म्हणायच्या, "बाई, जीव आहे तो. उपाशी ठेवल्याचं पाप कोणाला?" आणि पाप टाळण्यासाठी वाटीभर तुपाळ शिरा पाठवायच्या. ती वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून आई त्यात केळ्याचे वेफर्स घालायची, म्हणून दुसऱ्या दिवशी काकी आणखी मोठी वाटी पाठवायच्या. या व्यवहारात दोन्ही घरांचं पुण्य वाढत होतं आणि झुळूकही वाढत होती. तिला दूध-पोळी, तूप-खिचडी आणि नानांनी आणलेल्या फण्यांतली पिकलेली केळी मिळू लागली. एकदा उरलेली पुरणपोळी दिली, ती तिला मानवली, म्हणून मग मुद्दाम केली.

याच काळात अक्काच्या ताटातलं तूप बंद झालं. आईचा हिशेब सरळ होता. ज्या माणसांना एवढी बारीक कुत्री आवडतात त्यांना सून कशी आवडेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. अक्का तशी भरलेल्या अंगाची, जेवायची आवड असलेली. शेवभाजीचा रस्सा ती ताटात वाटीसारखं आळं करून घ्यायची. आता तिच्या पुढ्यात काकडी, पातळ ताक आणि एक पोळी आली. मी एकदा विचारलं, "आई, कुत्रीला तूप आणि अक्काला काकडी, हे कसं?"

"कुत्री लोकांची आहे," आई म्हणाली. "अक्का आपलीच आहे. तिला काय समजवायचंय?"

सकाळी अक्का झुळूकला घेऊन मेहरूणच्या तलावाला चक्कर मारायची. दोघींची चाल काही महिन्यांत बदलली. सुरुवातीला झुळूक पुढे ओढायची आणि अक्का मागून धापा टाकायची. मग दोघी बरोबर चालू लागल्या. मग अक्का पुढे आणि झुळूक मागे, दर थोड्या वेळाने बसकण मारणारी. अक्का कमी बोलू लागली होती. शिकवणीच्या मुलींना ती गणित सोडवायला देऊन खिडकीतून बाहेर बघत बसायची. लग्न ठरायच्या वेळी मुली अशाच गप्प होतात, असं आई कांताकाकींना सांगायची.

झुळूकसाठी आईने स्वतंत्र ताट घ्यायचं ठरवलं. धुळ्याची माणसं येणार, त्यांची कुत्री आपण ॲल्युमिनियमच्या थाळीत जेवायला घालतो असं दिसायला नको. बाजारात नजीरभाईंच्या दुकानात तिने चांगलं जाड स्टीलचं ताट निवडलं. नजीरभाईंनी नाव कोरायचं यंत्र हातात घेऊन विचारलं, "नाव काय घालू, ताई?"

"झुळूक," आई म्हणाली.

"घरातली मुलगी?"

दुकानात ओळखीच्या बायका उभ्या होत्या. कुत्रीसाठी ताट घेतोय हे त्यांच्यासमोर सांगायला आईची जीभ रेटेना. ती म्हणाली, "हो." नजीरभाईंनी वळणदार अक्षरात 'कु. झुळूक' असं कोरून दिलं. घरी ते वाचून अक्का बऱ्याच दिवसांनी हसली. "मला अजून नुसतं 'अक्का' आहे," ती म्हणाली, "हिला कुमारीसुद्धा लागलं."

हंगाम संपला आणि धुळ्याचा निरोप आला. त्या दिवशी घरात पहाटेपासून वास होते. पुरणाचा, भाजलेल्या मिरच्यांचा, कळण्याच्या भाकरीचा. झुळूकला आंघोळ घालून मागच्या खोलीत बसवलं होतं. तिचं ताट राखेने घासून मांडणीत वरच्या फळीवर उभं ठेवलं होतं, म्हणजे आत आलेल्याला ते दिसेल. आबा, त्यांच्या पत्नी आणि मुलगा गाडीतून उतरले. आबा उंच, सडपातळ, गांधी टोपीतले. आपल्या कुत्र्यांसारखेच दिसत होते, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. मुलगा खाली मान घालून हातातल्या डिजिटल घड्याळाची बटणं दाबत होता.

अक्का पोहे घेऊन बाहेर गेली. आबांच्या पत्नींनी तिला आपादमस्तक पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "फोटोत चांगली भरलेली होती हो. आजारपण झालं का मध्ये?"

आईने हातातला पोह्याचा डाव दुसऱ्या हातात घेतला.

मग पंगत बसली. आबांनी पहिल्याच पुरणपोळीला ताटावर हात आडवा धरला. "पुरे, नाना. मी मोजकं खातो." नानांनी फटीतून पोळी सरकवली. आबांनी ती खाल्ली. पुन्हा "पुरे", पुन्हा पोळी, वर तूप, पुन्हा "अहो, पुरे म्हणतो ना", पुन्हा पोळी. आबांनी एकही पोळी टाकली नाही. प्रत्येक वेळी नाना आमच्याकडे असं पाहायचे की जणू त्यांचं म्हणणं कोर्टात सिद्ध होत आहे.

जेवणं झाल्यावर नाना म्हणाले, "आता तुमची ठेव बघा," आणि झुळूकला बाहेर आणलं. ती चालत आली. बसली. मग बसणं अवघड झालं म्हणून आडवी झाली. आबा खुर्चीतून उठले. त्यांनी वाकून तिच्या कुशीवर हात ठेवला, बोटं दाबली, सरकवली, पुन्हा दाबली. हरवलेली किल्ली गादीखाली चाचपावी तसं ते चाचपत होते.

"नाना," ते म्हणाले. आतापर्यंत ते आमच्याशी पुस्तकी मराठी बोलत होते, ती आता गेली. "हाई काय शे? कुत्री शे का म्हैस?"

"चांगली धरली ना अंगाने?" नाना अजून हसत होते.

आबांनी झुळूककडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या अक्काकडे पाहिलं, आणि पुन्हा झुळूककडे. "बठ्ठं तूप चुकीना ताटमा वाढं तुम्ही," ते म्हणाले. सगळं तूप चुकीच्या ताटात.

हे वाक्य मी नंतर आयुष्यभर अनेक ठिकाणी मनात म्हटलं आहे. कॉलेजच्या बैठकांत, समारंभांत, एकदा तर एका सत्काराच्या वेळी. आबांचं हे म्हणणं खरं होतं, आणि ते तिथेच थांबले असते तर कदाचित अक्का धुळ्याला नांदली असती. पण ते थांबले नाहीत. ते पत्नीला म्हणाले, "कुत्रीले आजच लई जाऊ. अजून सुधरी. पोरनं मंग दखसूत." कुत्री आजच नेऊ, अजून सुधारेल, मुलीचं नंतर पाहू.

अक्का आत गेली. भांड्यांचा आवाज आला. घरातली सगळी ताटं पंगतीत खरकटी झाली होती. स्वच्छ असं एकच होतं, वरच्या फळीवरचं. ते घेऊन ती बाहेर आली. त्यात पुरणपोळ्या होत्या आणि त्यांच्यावर तूप इतकं होतं की ते काठाशी येऊन थांबलं होतं. ती सगळ्यांसमोर झुळूकशेजारी जमिनीवर बसली आणि जेवू लागली.

"अगं, ते कुत्रीचं..." आईच्या तोंडून निघालं.

"झुळूक कुठे जाणार नाही," अक्का घास गिळून म्हणाली. "आणि माझंही नंतर पाहायचं कारण नाही."

"पोरी, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये," आबांच्या पत्नी म्हणाल्या.

"बरेच दिवस नाही बोलले," अक्का म्हणाली. "भूक लागलेली असली की बोलवत नाही."

आबा नानांकडे वळले. माझे नाना पाहुण्याला कधी उलट बोललेले मी पाहिलेले नव्हते. रेल्वेत कोणी त्यांच्या जागेवर बसलं तर ते त्यालाच पाणी विचारायचे. आबा म्हणाले, "मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. कमी घाला म्हणून."

"सांगितलं होतं," नाना म्हणाले. "पण आबा, आज तुम्ही प्रत्येक पोळीला पुरे म्हणालात आणि प्रत्येक पोळी खाल्लीत. तुमचं कोणतं पुरे खरं धरायचं, ते आम्ही कसं ओळखावं?"

मुलगा हसला. आबांसमोर तो पहिल्यांदाच हसला असावा, कारण आबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि तो पुन्हा बटणं दाबू लागला. मग नाना हात जोडून म्हणाले, "दिलेलं पिल्लू परत नेऊ नका. मुलगी पसंत नसेल तर तसं सांगा. दोघींचं एकत्र नको."

गाडी निघाली तेव्हा आईने डिकीत केळ्याची फणी आणि बिबड्यांचा डबा ठेवलाच. संबंध मोडला होता, पण गाडी रिकामी जाऊ देणं तिला जमलं नाही.

गल्लीत अर्थातच बोललं गेलं, की कुत्रीपायी मुलीचं लग्न मोडलं. त्यापुढे धुळ्याची स्थळं आमच्याकडे आली नाहीत. आई काही दिवस देवासमोर जास्त वेळ बसायची. पण जेवायला वाढताना ती अक्काच्या पोळीवर तूप सोडू लागली, न विचारता. गुरांच्या डॉक्टरांनी झुळूकचं तूप, केळी आणि शिरा बंद केला. कांताकाकींना ते पटायला वेळ लागला. पाप टाळायची त्यांची वाटी त्या मग आमच्या घरातल्या माणसांसाठी पाठवू लागल्या. ताट अक्काचं झालं. झुळूकला आईने साधा वाडगा दिला, त्यावर नाव घातलं नाही.

पावसाळा संपून हवा हलकी झाली तेव्हाची एक सकाळ मला आठवते. आम्ही दोघी आणि नाना मेहरूणला गेलो होतो. तलावाच्या काठच्या मोकळ्या जागेवर अक्काने पट्टा सोडला. झुळूक थोडी उभी राहिली, जणू काही आठवत होती. आणि मग ती पळाली. पळाली म्हणजे काय ते मला नीट लिहिता येत नाही. तिचं अंग मिटायचं आणि उलगडायचं, आणि पाय जमिनीला लागताना दिसायचे नाहीत. तलावावरचे बगळे उठले. मोठं वर्तुळ काढून ती परत आली, अक्काच्या पायांजवळून गेली, पुन्हा गेली. अक्का मोठ्याने हसत होती, पदर खोचून, पूर्वीसारखी भरलेली. नाना काठी टेकून बराच वेळ पाहत राहिले.

"आबा खरं बोलले होते तर," ते म्हणाले. "एखादा माणूस पुरे म्हणतो, आणि त्याला पुरेच म्हणायचं असतं."

पुढे अक्काचं लग्न झालं. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात काम करणारे भावजी आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी अक्काचं वजन, रंग काही पाहिलं नाही, त्यांनी विचारलं, "या कुत्रीला खायला काय घालता?" अक्काने सांगितलं, आणि दोघं त्यावरच बराच वेळ बोलत बसले. झुळूक तिच्याबरोबर कॉलनीत गेली. तिथे सगळ्यावर राखेचा पातळ थर बसायचा. पांढरी झुळूक संध्याकाळपर्यंत करडी व्हायची आणि अक्का तिला पुसायची. ताटही सामानात गेलं. सासूबाईंनी ते उलटंसुलटं करून विचारलं, "कु. झुळूक कोण?" अक्का म्हणाली, "मी." त्या घरात बरीच वर्षं काही नातेवाईक तिचं माहेरचं नाव झुळूक समजत होते.

झुळूक म्हातारी होऊन गेली. मग नाना गेले, आई गेली. भावजी निवृत्त झाल्यावर ते दोघं जळगावला माझ्या जवळच राहायला आले. गेल्या वर्षी अक्काचं आजारपण निघालं. शेवटच्या दिवसांत मी तिला मऊ भात भरवायचे, वर थोडं तूप घालून. दोन-तीन चमच्यांनंतर ती हात आडवा धरायची आणि म्हणायची, "पुरे, लहानी." मी आमच्या घरची, मी फटीतून चमचा पुढे करायचे आणि ती माझ्यासाठी तोंड उघडायची. एका दुपारी तिने हात धरला, पुरे म्हणाली, आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी चमचा खाली ठेवला. तिने माझा हात थोपटला.

भावजी आता मुलाकडे पुण्याला असतात. ताट माझ्याकडे आहे. घासून घासून 'कु.' पुसट झालं आहे, झुळूक अजून वाचता येतं. मी त्यात जेवते.